मार्थाचं गाऱ्हाणं

कागदावरच्या बाईला मारायला गावाची परवानगी लागते का हो? मला लागली. आणि मिळाली नाही!

मी कादंबरी लिहीत होते. जुन्या काळी बैलगाड्यांतून कॅलिफोर्नियाकडे, पश्चिमेला निघालेल्या बायांची. (आमच्या घरी पाळण्याला खुळखुळ्याऐवजी चळवळीची पत्रकं टांगलेली, माझ्याकडून प्रेमकथा होणं शक्यच नव्हतं.) नायिका मार्था, दिवस भरलेली. ती नवव्या प्रकरणात वाटेतच मरणार होती. बायांच्या हाडांवरून रस्ते झाले, हे मला जगाला ठणकावून सांगायचं होतं.

मी लिहायचे मोबाईलवर आणि काकू मासळी साफ करायला बसली की तिला वाचून दाखवायचे. चूक इथेच झाली. आमच्या कोकणातल्या वाडीतले पुरुष कामाला मुंबईला, त्यांची खुशाली फोनवरच कळते. त्यामुळे मोबाईलमधून येते ती खबरच!

"मार्थाचं काय कळलं गो आज?" काकूने विचारलं.

"पश्चिमेला चाललीय अजून."

"बैलगाडीनं? अगो, पश्चिमेला दर्या हाय!"

"काकू, ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

काकूच्या हातातला बांगडा गळून पडला. "आणि अजून बाळंत नाय झाली?"

"ती खरी नाही गं! आणि बाळंतपणात मरणार आहे."

"मेले, पोटुशीला मारतेस? नवऱ्याला मार! त्याचं काय अडलंय?"

दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी देवळात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, मार्था नावाची लेक परमुलखात अडकलीय, तिची सुखरूप सुटका कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं म्हणून मी वळून पाहिलं. मीच!

घरी येऊन मुकाट्याने मार्थाला जगवलं. मुलगी झाली. काकूने वाडीभर साखर वाटली आणि म्हणाली, "आता तिला बोलाव. लेकीला घेऊन येऊन देवीची ओटी भरील, असा नवस बोललेय मी."

"ती कशी येणार, काकू?"

"गेली बैलगाडीनं, येईल विमानानं!"

आता मला स्वतःलाच कळेनासं झालंय, मार्था आहे की नाही. तेव्हा वाचकहो, गणपतीपुळ्याला कडेवर तान्ही मुलगी घेतलेली एखादी गोरी बाई दिसली, तर हात जोडून तिला आमच्या वाडीत पाठवा. लुगडं काकू नेसवेल. मी देवळाबाहेर नवसांविरुद्ध घोषणा देत उभी असेन, हळू आवाजात, ओटीचं ताट सांभाळत. तिला फक्त एवढं बजावून ठेवा: कुणी नाव विचारलं, तर मार्था!