हनोईतला सगळ्यात चांगला भाव

परदेशात डॉलर बदलून घेताना दोन पासपोर्ट फोटो द्यावे लागतात, असा माझा समज होता. तो आता गेला आहे.

मी जिंतूरला पस्तीस वर्षं गणित शिकवलं. (हे आत्ताच सांगून टाकतो, नंतर सांगायची लाज वाटेल.) निवृत्तीनंतर मुलीने मला आणि शालिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, व्हिएतनामच्या सहलीला पाठवलं. सोबत शालिनीचे मोठे भाऊ, पेडगावचे प्रभाकरराव. सोयाबीनचा ट्रॅक्टर मोंढ्यात उभा करून भाव चढायची दोन-दोन दिवस वाट बघणारा माणूस! आम्हा दोघांच्या हाती डॉलर आल्यावर ते सुखासुखी बदलले जाणार होते थोडेच?

हनोईच्या विमानतळावर भाव पडलेला वाटला. हॉटेलात त्याहून कमी. आमचा गाईड तुआन मोडक्या हिंदीत म्हणाला, "सोनार की दुकान, अच्छा भाव." सोनारही बघितला.

"पयल्याच बोलीला माल सोडता का दाजी?" प्रभाकरराव म्हणाले. "अजून चार दुकानं बघू."

"आवो, लय भूक लागलीय मला," शालिनी कळवळली. "चार पैशांसाठी किती हिंडवायलाव तुमी?"

तुआन जेवायला गेला होता. भर दुपारी आम्ही तिघं एका बोळात वळलो, आणि मागचा गाड्यांचा गोंगाट दार लावल्यासारखा बंद झाला. बोळात चिटपाखरू नाही. वारा नाही, तरी दुकानांबाहेर टांगलेले कागदाचे कपडे हलत होते. बाह्या हलत होत्या, आत माणूस नव्हता. कागदाचे घोडे उभे होते, पण त्यांना डोळे काढायचे राहून गेले होते. सगळीकडे उदबत्तीचा धूर.

"मला न्हाई बरं वाटायलं इथं," शालिनी कुजबुजली.

पण मला शेवटच्या दुकानात नोटांच्या थप्प्या दिसल्या होत्या! जमिनीपासून छतापर्यंत. आणि थप्प्यांमागे एक म्हातारी, इतकी स्थिर की आधी तीही कागदाचीच वाटली.

मी शंभर डॉलरची नोट दाखवली, थप्प्यांकडे बोट केलं. म्हातारी माझ्या मोबाइलमध्ये बोलली आणि पडद्यावर मराठी भाषांतर उमटलं: "किती माणसांसाठी?"

"दोन."

"नावं?"

मी माझा आणि शालिनीचा पासपोर्ट पुढे केला.

"कधी निघाले?"

"परवा."

"दोघं एकदमच?"

"हो. विमानाने."

तिने छातीवर हात ठेवला. डोळे भरून आले तिचे. मी प्रभाकररावांना म्हणालो, "बघा, गिऱ्हाइकाची किती विचारपूस!"

मग तिने फोटो मागितले. व्हिसासाठी काढलेले जास्तीचे माझ्या पाकिटात होतेच. (केवायसी! आपल्याकडे बँकेत मागतात तसंच.) तिने माझा फोटो बघितला. मग मला बघितलं. पुन्हा फोटो. मग दारात उभ्या शालिनीकडे बघितलं. खूप वेळ. नंतर हळूच एक बोट पुढे करून तिने माझ्या मनगटाला टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

मी नोट तिच्यापुढे ठेवली, ती तिने चटकन उचलली. मान खाली घालून पिशव्या भरत सुटली. थप्पीवर थप्पी! प्रत्येक नोटेवर मुकुट घातलेला एक दाढीवाला राजा, आणि राजाच्या बाजूला एवढी शून्यं की माझ्यातला गणिताचा मास्तर गहिवरला. वरच्या दोन गठ्ठ्यांवर तिने आमची नावं लिहिली, फोटो चिकटवले. आणि न मागता एक कागदी सूट, एक कागदी झगा आणि एक कागदी मोटारसायकल बांधून दिली.

"स्कीम हाय!" प्रभाकरराव ओरडले. "शंभरावर गाडी फ्री! दाजी, माझा बी फोटो द्या की!"

पण म्हातारीने फळ्या ओढून दुकान बंद केलं होतं. आतून घंटी वाजत होती. सारखी.

कोपऱ्यावरच्या खानावळीत आम्ही पोटभर जेवलो. बिल आलं. मी ऐटीत आमच्या फोटोंचे दोन्ही गठ्ठे टेबलावर ठेवले. मालकीण वाकली, आणि तशीच थिजली. फोटोंकडे बोट करून तिने भुवया उंचावल्या.

"येस, येस!" मी छाती ठोकून म्हणालो. "मी! आणि ही माझी मिसेस!"

तिच्या हातातला वाडगा खाली पडला. आजूबाजूची माणसं एकेक करून उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कुणी ओरडेना, कुणी पळेना. नुसती बघत होती. मालकीण आत गेली, भाताचे दोन वाडगे घेऊन आली, दोन्हींत पेटलेली उदबत्ती उभी खोचली आणि एक माझ्यापुढे, एक शालिनीपुढे सरकवला. प्रभाकररावांना काहीच दिलं नाही.

"आवो," शालिनीचा आवाज पार आत गेला होता. "ही बाई आपल्याला पिंड वाढायलीय."

माझ्या पाठीतून गार काहीतरी सरकत गेलं. त्या क्षणी मला खरंच आठवेना, विमान नीट उतरलं होतं ना? मी टेबलाखाली शालिनीचा हात धरला. तोही गार होता!

कसाबसा तुआनला फोन लावला. तो आला, गठ्ठे बघितले, फोटो बघितले आणि डोक्याला हात लावून खाली बसला.

"अंकल, ये मरे हुए लोगों का पैसा है! यहाँ जलाते हैं, ऊपर उनको मिलता है!"

आमचं जेवणाचं बिल त्यानेच दिलं. मग आम्ही बोळात परतलो. तुआनने फळ्या ठोठावून उघडायला लावल्या. आम्हाला बघताच म्हातारी किंचाळली. तिची समजूत घालायला तुआनला अर्धा तास लागला. मेलेलं जोडपं आपापला वाटा न्यायला स्वतःच दारात आलंय, या धास्तीने ती जे हाती लागेल ते देत सुटली होती. आता तिने डॉलर परत दिले, फक्त वीस ठेवून घेतले. नाव घातलेला माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, आणि तो न जाळता ठेवणं चांगलं नाही, म्हणाली.

म्हणून दुकानासमोरच्या पत्र्याच्या डब्यात आमच्या नावाचा सगळा माल पेटवला. राजा जळला, सूट जळला, मोटारसायकल भुर्रकन गेली. शेवटी माझा फोटो कडेने काळा पडत आतल्या आत वळला. स्वतःचा चेहरा असा जाताना बघणं ही काही सोपी गोष्ट नाही. शालिनी माझा दंड घट्ट धरून उभी होती.

थोड्या वेळाने ती तुआनला म्हणाली, "भैया, ये ऊपर बराबर पहुँचेगा ना? मेरा इनके नाम पे नई गया ना?"

"बाकी काई म्हणा दाजी," प्रभाकरराव राखेकडे बघत म्हणाले, "वीस डॉलरला करोडो! असा भाव कुठं न्हाई भेटायचा."

ते मला मान्य आहे. जगातला सगळ्यात चांगला भाव मीच मिळवला. पण गावी आल्यापासून मी साखर बंद केली आहे, बीपीची गोळी चुकवत नाही आणि रोज पहाटे चार किलोमीटर चालतो. कारण त्या खात्यातून पैसे काढायचे तर स्वतः हजर राहावं लागतं!