भिंत पडण्याआधीचा भुगा

दीड महिना झाला. सकाळी मी साताऱ्यात घरी मेथी निवडत बसले होते आणि कुंडलहून तानाजीचा फोन आला. "मावशी, आई गेली... सकाळी च्या पिली, जरा पडती म्हनाली. मी हाका मारल्या तर उठलीच न्हाई." आवाज जड होता, पण स्थिर होता. फोन ठेवल्यावर मला आधी रडू आलं नाही. आधी मी बोटांवर तानाजीचं वय मोजलं. एकोणपन्नास. म्हणजे आईला अग्नी द्यायला पोरगा मागे उरला होता. मग मात्र मेथीची जुडी तशीच टाकून मी पोटभर रडले. हे काय विचित्र गणित, असं वाचणाऱ्याला वाटेल. तानाजीच्या आईनं, हौसाआक्कांनी, आयुष्यभर एवढं एकच गणित सोडवलं, म्हणून ते सांगायला हवं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी सांगलीत एका छोट्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते. वय सव्वीस, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. उपाशीपोटी या म्हणून सांगितलेली माणसं खाऊन यायची आणि वर शपथ घ्यायची, त्यामुळे माझा माणुसकीवरचा विश्वास सकाळी नऊच्या आतच उडालेला असे. अशाच एका सकाळी नऊवारीतल्या, कपाळ मोकळं असलेल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. शेजारी एक तगडा पोरगा, तानाजी. "डाक्टर कुठं हायत? ह्येच्या टाचंला गाठ हाय, ती दावायची हाय," म्हणाल्या. मी म्हटलं, इथं रक्त तपासतात, गाठी नाही. त्या हलल्या नाहीत. "गाठीचंच रगत तपासायचं हाय," म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

आक्कांचं घर पैलवानांचं. त्या घरातल्या पुरुषांच्या टाचेमागच्या शिरेवर आणि बोटांच्या पेरांवर पिवळट, टणक गाठी यायच्या. सगळी भावकी त्याला तालमीची देणगी समजायची. ज्याला गाठ त्याच्यात रग, असा हिशेब. बारशाला आलेल्या बायका मुलगा मोठा झाला की गाठ येईल ना, असं कौतुकानं विचारायच्या. सोयरीक जुळवताना मुलाची पेरं दाखवायचे! आक्कांनी मात्र त्या घरातले तीन पुरुष शेवटची आंघोळ घालून वाटेला लावले होते. सासरे, मग दीर, मग नवरा. तिघंही धडधाकट, तिघंही छातीला हात लावून खाली बसले ते उठलेच नाहीत, आणि एकानंही पंचेचाळिशी पाहिली नाही. "तिघांच्या टाचा मी माज्या हातानं धुतल्या," आक्का डॉक्टरांना म्हणाल्या. "तिघांस्नीबी गाठ. चुलतसासऱ्याला गाठ न्हवती, त्यो ऐंशी वर्सं जगला. आता माजी दोन पोरं आन् दिराची दोन. चौघांतल्या तिघांस्नी गाठी आल्यात. मला खरं काय ते सांगा."

आमचे डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला म्हणाले, "आपण पुस्तकात वाचतो ते या बाईंनी टाचा धुताना ओळखलंय." रक्तातलं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच फार वाढलेलं असलं की ते जसं हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठतं तसं या शिरांवरही, गाठी म्हणजे तेच, आणि हा दोष घराण्यात उतरतो. मला माझी मगाचची उर्मट उत्तरं आठवली आणि कानशिलं गरम झाली. मी आक्कांना चहा करून दिला. तेव्हापासून त्या मला "लेकी" म्हणू लागल्या.

चौघांना उपाशीपोटी आणायचं ठरलं. पहिल्या एसटीनं चौघे आले. थोरला पुतण्या विलास, मग तानाजी, दुसरा पुतण्या पोपट आणि धाकटा संभाजी. दंड असे की पट्टा बांधायला पुरेना. काही खाल्लंय का, विचारलं तर चौघांनी एका सुरात नाही म्हटलं. रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं, तर वर पाण्यासारखं निवळ दिसायचं ते चारही नळ्यांत दुधासारखं पांढरं! मी बाहेर जाऊन कडाडले. तानाजी निरागसपणे म्हणाला, "खाल्लं कुटं? जोर मारल्यावर तांब्याभर दूध पिलो फकस्त. आन् वाईच तूप."

"दूध म्हणजे खाणं नाही का?"

"आवं बाई, दूध काय खानं असतंय व्हय? दूध त्ये दूध!"

चौघं पैलवान माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहत होते. आठ दिवसांनी आक्का त्यांना पुन्हा घेऊन आल्या. या वेळी रात्रीपासून तोंडात फक्त पाणी. आक्कांनी म्हशीची धार काढली आणि दुधाची चरवी स्वतःसोबत एसटीतून सांगलीला आणली, घरी राहिली तर पोरं हात मारतील म्हणून. रक्त दिल्यावर लॅबच्या पायरीवर बसून चौघांनी ती रिकामी केली. रिपोर्ट आले ते आक्कांच्या टाचांच्या हिशेबाबरहुकूम. तिघांचं कोलेस्टेरॉल भयंकर, पोपटचं सरळ.

नुकत्याच नव्या गोळ्या आल्या होत्या. डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या आणि खुराक उतरवायला सांगितलं. इथंच घोडं अडलं. तानाजी म्हणाला, माझी कुस्ती लागलीय, मला काही होत नाही, मी गोळी घेणार नाही. आक्कांनी डॉक्टरांना विचारलं, "आत बिगाडलंय का न्हाई, ह्ये भाईरनं कळायची काय सोय न्हाई का?" डॉक्टर विचारात पडले. रक्तवाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर दुखावलं की त्यातून काही प्रथिनं सुटून रक्तात येतात. ती मोजणारा त्यांचा एक मित्र पुण्याला होता. ते म्हणाले, हे अजून अभ्यासातलंच आहे, यावर इलाज ठरत नाही, गोळी तर कोलेस्टेरॉलवरच द्यायची आहे. पण बघायला हरकत नाही. नमुने मात्र गोठवूनच न्यायला हवेत.

मोठ्या तोंडाच्या थर्मासात बर्फ भरून मी पुण्याच्या एसटीत बसले. आक्का सोबत. "माज्या पोरांचं रगत एकलं कसं जाईल?" चैत्रातलं ऊन. आमची गाडी साताऱ्याच्या स्टँडवर बिघडली आणि दुसरी दोन तासांनी मिळणार असं कळलं. थर्मास हलवून पाहिला, आत पाणी वाजायला लागलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी माझ्याच गावात बावळटासारखी उभी, आणि आक्का तरातरा चालत कुल्फीवाल्याच्या पेटीपाशी पोचलेल्या. मीठ घातलेला बर्फ हवा होता. तो म्हणाला, "आवं मावशी, बर्फ दिला तर माजी कुल्फी पातळ हुईल." आक्कांनी थर्मासावर हात ठेवला. "तुजी कुल्फी आज पातळ झाली तर उद्या घट्ट हुईल. ह्यात माज्या पोरांचं काळीज हाय." खरं तर रक्त पुन्हा मिळालं असतं, चौघांच्या दंडात भरपूर होतं, पण मी थर्मासाचं झाकण उघडून पुढे धरलं. कुल्फीवाल्यानं अर्धी पेटी रिकामी केली. वर दोन कुल्फ्या हातात ठेवल्या, तशाही वितळणारच होत्या म्हणाला.

पुण्याहून उत्तर आलं. ज्या तिघांना गाठी, त्यांच्या रक्तात ती अस्तराची प्रथिनं जास्त होती. पोपटची नेहमीसारखी. एकोणीस वर्षांचा तानाजी, पाचशे जोर मारणारा... आतून दुखावायला लागला होता. डॉक्टर शब्द जुळवत होते, तेवढ्यात आक्काच म्हणाल्या, "कळलं. भित पडायच्या आदी गिलाव्याचा भुगा खाली पडतो. भित उबी दिसती, पन केर काढनाऱ्या बाईला भुगा दिसतोय. तसंच न्हवं?" डॉक्टर हसले. त्यानंतर प्रत्येक पेशंटला ते हेच वाक्य सांगत, आणि "कुंडलच्या आक्का म्हणतात" असं सुरुवातीला जोडत.

तानाजी तरीही ऐकेना. वस्ताद सांगतील ते खरं, म्हणाला. तेव्हा आक्का तो कागद घेऊन तालमीत गेल्या. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, ही रीत. त्यांनी ती मोडली नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि हाक मारली, "वस्ताद, भाईर या." आत जोर थांबले. वस्ताद अंगाला माती लागलेलेच बाहेर आले. आक्कांनी एवढंच विचारलं, "तुमच्या हाताखाली आमच्या घरातलं किती पैलवान गेलं. गाठीचा एक तरी पन्नाशीला गेलेला सांगा. एकच नाव सांगा, आमी गोळ्या हिरीत टाकतो."

 आक्कांचा नवरा वस्तादांचाच पठ्ठ्या होता. मग ते आत वळून मोठ्यानं म्हणाले, "तान्या, आजपास्नं तुजा खुराक मी ठरवनार. तूप बंद. आन् आई दील ती गोळी माज्यासमोर घ्यायची." हा प्रसंग मी पाहिला नाही, पोपटकडून ऐकला. पण इतक्यांदा ऐकला की मीही तिथं उभी होते असंच वाटतं.

पुढं सगळं सोपं झालं असं नाही. विलास मध्येच गोळ्या सोडून बसला आणि पुढं त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी बसवावी लागली. आक्का त्याला दवाखान्यात भेटायला गेल्या त्या हातात गोळ्यांची पाकिटं घेऊनच. रोज दिवेलागणीला चौघांनी ओळीनं बसायचं, पोपटनंसुद्धा, कारण एकट्याला वगळलं तर बाकीचे कुरकुरतात. त्याला गोळीऐवजी गुळाचा खडा. नातवंडं झाल्यावर त्यांचीही रक्तं तपासली, आणि सोयरीक बघताना आक्का स्वतःच सांगू लागल्या की आमच्यात हा दोष आहे, पण त्यावर इलाज आहे. दोन वर्षांनी पुण्याला पुन्हा नमुने गेले होते, या वेळी बर्फ न वितळता. तानाजीची ती प्रथिनं उतरली होती. डॉक्टर म्हणाले, एका कागदावरून फार निष्कर्ष काढू नका. आक्का म्हणाल्या, "बरं, न्हाई काढत," आणि लॅबमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. आणि मी त्या बाईवर जीव ओवाळून टाकला.

फोन आला त्या दिवशी दुपारपर्यंत मी कुंडलला पोचले. अंगणात तयारी झाली होती. चौघं पुढं आले. विलास, तानाजी, पोपट, संभाजी. चौघांच्या डोक्याला टोप्या नव्हत्या आणि चौघांचेही केस पिकले होते, विलासचे तर पार कापसासारखे. मी बायकांत उभी होते. शेजारी त्यांच्या भावकीतली एक म्हातारी होती, आक्कांच्याही आधी त्या आळीत नांदायला आलेली. चौघांनी आक्कांना खांद्यावर घेतलं तशी तिनं माझा हात गच्च धरला. "ह्या पोरांच्या आज्जीला पोटच्या पोरानं खांदा दिला न्हाई गं," ती म्हणाली. "पोरं आदी गेली, भावकीनं उचललं. ह्या घरात पांढऱ्या केसाचं ल्योक आईला नेत्यात, ह्ये मी आज बगितलं." मग तिनं पदर तोंडाला लावला नाही, उलट मान उंच करून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी हाक दिली, "हौसे, जिकलीस गं बाई!"

चौघांनी पावलं उचलली.