मुठीचं माप

बायडाबाईला कुणी "हे जमेल का?" असं विचारलं, की तिचं डोकंच फिरायचं. जमेल का म्हणजे काय? तीस वर्षं कोल्हापुरात चपलांच्या वेण्या घातल्या होत्या तिनं. नवरा पिराजी तळ कापायचा, टाचा ठोकायचा आणि दुकानात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायचा. मागच्या खोलीत बायडाबाई शेळीच्या पातळ कातड्याच्या नाजूक पट्ट्या काढून अशी वेणी विणायची, की गिऱ्हाईक चप्पल पायात घालायच्या आधी हातात घेऊन बघत बसायचं.

१९९९ च्या जानेवारीतल्या एका सोमवारी, भर दुपारी एक कॉलेजची पोरगी दुकानात शिरली आणि तिनं नेमकं तेच विचारलं.

"मावशी, घोड्यावर बसताना घालायचे हातमोजे शिवायला जमेल का?"

पिराजी हसला. "आमी पायाचं करतो बाळ, हाताचं न्हाय."

"तुमी गप बसा हो," आतून आवाज आला, आणि बायडाबाई हात पुसत बाहेर आली. "बस पोरी. काय म्हणालीस?"

पोरीचं नाव अक्षता. जयसिंगपूरच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींची लेक, इथं हॉस्टेलवर राहून शिकत होती आणि रोज पहाटे घोडेस्वारीला जात होती. येत्या रविवारी पुण्याच्या स्पर्धेसाठी निवड होती. गेल्या वर्षी ऐन निवडीत तळव्याचे फोड फुटले, लगाम हातातून सुटला आणि ती बाद झाली. वयाच्या अटीनं हे शेवटचं वर्ष. हातमोज्यांसाठी तिनं सगळं गाव पालथं घातलं होतं. मोटारसायकलवाल्यांचे हातमोजे ढगळ. उद्यमनगरातून फौंड्रीतले आणले, तर ते इतके जाड की हातात लगाम आहे की पहार, काही कळेना. खेळाच्या दुकानात विकेटकीपरचे आतले सुती मोजे मिळाले, ते लगामाच्या चामड्यावरून सुळकन घसरत होते. मुंबईहून मागवावेत तर महिना जाणार.

तिनं तळवे पुढं केले. दोन्हीकडं फोड, एक तर ओला. बायडाबाईनं ते हात उजेडाकडं वळवून बघितले.

"आगं, वेणीचं कातडं कशासाठी हाय मग? पातळ हाय, मऊ हाय, आन् चिवट बी हाय. बुधवारी ये."

तिनं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, अक्षताचे दोन्ही पंजे त्यावर पसरून ठेवायला लावले आणि पेन्सिल फिरवली. आयुष्यभर पायाचं माप तिनं असंच घेतलं होतं.

बुधवारी मोजे तयार. काय ते मोजे! बोटाबोटावर बसलेले, टाके मुंगीएवढे. अक्षता बोटं पसरून नाचवत होती, शेजारपाजारचे बघायला आले होते, आणि बायडाबाई नुसती फुलून गेली होती. पिराजीनंसुद्धा दोनदा हात लावून बघितला.

गुरुवारी सकाळी अक्षता परत आली. मोजे अंगठ्याशी उसवलेले, बोटांच्या सांध्यावर टरकलेले. घोडं दौडायला लागलं, तिनं मूठ आवळली आणि टर्रकन आवाज आला.

"मी म्हणलं हुतं की..." पिराजीनं सुरुवात केली.

बायडाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की पुढचं वाक्य त्यानं गिळलं. मग ती पदर खोचत उठली. "चल. मला तुझं घोडं दाव."

रिक्षानं दोघी मैदानावर गेल्या. घोडा बायडाबाईनं आजवर दसऱ्याला बघितला होता, तोही माणसांच्या डोक्यांवरून. इथं पाखरी नावाची तपकिरी घोडी तिच्या तोंडाशी फुरफुरत उभी! तिला भीतीपेक्षा गंमतच जास्त वाटत होती. घोडेस्वारी शिकवणारे बाळासो उस्ताद, लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी तिच्या हातात लगाम दिला, करंगळी आणि शेजारचं बोट यांच्यामधून कसा घ्यायचा ते दाखवलं. पाखरीनं मान हलवली. बायडाबाईची मूठ आपोआप मिटली, आणि त्या मिटलेल्या मुठीकडं ती बघतच राहिली.

"आगं माझे आये," ती पुटपुटली. "पाय जमिनीवर पसरतोय. हात मिटतोय. मी मेलीनं हाताला बी पायाचंच माप घेतलं."

तिनं कमरेच्या पिशवीतून दोरा काढला. अक्षताला लगाम आवळून धरायला लावला आणि मिटलेल्या मुठीवरून, सांध्यासांध्यावरून माप घेतलं. कुठं घासतं, कुठं ओढ बसते, सगळं विचारलं. उस्ताद कौतुकानं बघत होते.

मग दोन दिवस तिला जेवणाची शुद्ध नव्हती. लगाम जातो त्या बोटांमध्ये कातडं दुहेरी घेतलं. शिवण टोचू नये म्हणून बाहेर काढली. सांध्यावर जादा कातडं सोडलं. शनिवारी तिन्हीसांजेला मोजे झाले, तेव्हा घोड्यावर बसून बघायला वेळच उरला नव्हता.

रविवार म्हणजे दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड. तरी बायडाबाईनं दुकान बंद केलं आणि पिराजीला घेऊन मैदान गाठलं. अक्षताची पाळी आली. लोक घोडीकडं बघत होते, बायडाबाई नुसते हात बघत होती. पहिला अडसर उडी मारून पार, दुसरा पार. तेवढ्यात रस्त्यावर कुणाच्या तरी वरातीतला बँजो दणाणला आणि पाखरी बिथरली. मान खाली घालून तिनं असा हिसका दिला, की अक्षता खोगिरावरून पुढं झुकली. बायडाबाईनं पिराजीचं मनगट दाबून धरलं. त्या दोन मुठी मात्र सुटल्या नाहीत. जरा मागं आल्या, घट्ट राहिल्या, आणि पाखरी तिसऱ्या, शेवटच्या अडसरावरून गेली.

निवड झालेल्यांच्या यादीत अक्षताचं नाव दुसरं होतं. ती पळत आली, पण बायडाबाईनं शाबासकीबिबासकी काही दिली नाही. आधी मोजे काढले आणि पोरीचे तळवे उन्हात धरले. लाल वळ उठला होता, पण नवा फोड एकही नव्हता. तीस वर्षांत तिच्या चपला घालून कोण कुठं गेलं हे तिला कधी दिसलं नव्हतं. आज आपल्या हातचं काम कुठं पोचलं ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तिला रडू आवरेना.

"मावशी, रडताय काय?"

"गप गं. पुण्याला कवा जायचं ते सांग," नाक पुसत बायडाबाई म्हणाली. "मी बी येनार. तितं घोडं ह्याच्यापेक्षा जादा वडलं तर टाके कोण बघनार?"

पिराजीला विचारायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.