बाबांच्या गिटारचा खटका

मंडळी, आज बाबांची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन ते अन् मी घाटंजीले गेलतो. तरुणपणी ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत. आवाज बदलायचा खटका मधे ठेवला, की गिटार मुकी होई. नागपूरच्या दुकानदारानं नवा बसवा म्हटलं, पण बाबा जुना काढू देईनात.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रहीमचाचांनी खटका उघडला. "कायले बदलता? पत्तीवर नुसता मळ चढला हाय."

त्यांनी खटक्यातल्या धातूच्या पत्त्यांमधून जाड कागद फिरवून मळ काढला. बाबांनी खटका मधे ठेवून तार छेडली. आवाज आला! मग ते वाजवतच राह्यले, बोटं अडखळली तरी.

मी आईले फोनवर ऐकवलं. ती स्पीकरवर म्हणाली, "तुह्या मावशीच्या लग्नात हेच वाजवलं होतं यायनं. तवाच पहिल्यांदा पाह्यलं मी यायले."

बाबा चक्क लाजले. मले हे आजच समजलं. तुमचे आईबाबा पहिल्यांदा कुठं भेटले, विचारलं कधी?