आप्ट्याचं बोलावणं

आमचे हे निवृत्त झाले आणि त्यांनी मला फिरवायचं मनावर घेतलं. फाल्गुन सरत आला की संध्याकाळी स्कूटर बाहेर काढायची, माझ्या हातात पाण्याची बाटली द्यायची आणि "चल, जरा पाय मोकळे करू," म्हणायचं. पाय मोकळे करायला स्कूटरवर कशाला बसायचं, हे मला कधी कळलं नाही. पण बसत होते.

पूर्वी या दिवसांतली आमची सहल ठरलेली असे. पनवेलहून निघायचं ते थेट आप्ट्याला, माझ्या थोरल्या बहिणीकडे. तिच्या परसातल्या झाडाच्या कैऱ्या आणायच्या आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांची डाळ करायची. पण माझ्या मुलाच्या लग्नात आमचं बिनसलं. गडबडीत तिला पानावर बसवायचं राहून गेलं आणि ती उपाशीच घरी निघून गेली. मी म्हटलं, सख्ख्या बहिणीने हक्काने बसावं. ती म्हणाली, बोलावल्याशिवाय मी पानावर बसत नाही. दोघीही अडून राहिलो. दोन वर्षं ना फोन, ना कैऱ्या.

मग ह्यांनी दुसऱ्या सहली शोधून काढल्या. एकदा मला उलव्याला विमानतळ दाखवायला नेलं. तिथे तेव्हा विमानतळ नव्हताच. मोकळी जमीन, धूळ आणि डंपर. हे मात्र हात लांब करून "इथून इथवर धावपट्टी," असं सांगत होते, जणू ह्यांनाच विचारून आखली होती. मी नाकाला पदर लावून ती नसलेली धावपट्टी बघितली. परत येताना ह्यांनी हळूच विचारलं, "त्यापेक्षा आप्ट्याला गेलो असतो तर?" मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. स्कूटरवर ते सोपं जातं.

त्या वर्षीही कैऱ्या बाजारातून घ्याव्या लागल्या. भाजीवाली जुन्या ओळखीची.

"आजी, तुमी कैऱ्या इकत घेता? बहिणीच्या झाडाला मोहोर आला नाय काय?"

"आला असेल," मी म्हटलं आणि उगाचच कैऱ्या दाबून बघत राहिले. ताईची साखर वाढली आहे, आता काठी घेऊन चालते, असं कानावर आलं होतं. असंच अबोल्यात काही झालं तर, या विचाराने रात्री जाग यायची. तरी फोनकडे हात जाईना. असा माझा हट्टी स्वभाव.

हळदीकुंकवाची बोलावणी एरवी मीच करते. त्या वर्षी गुडघा सुजला होता, म्हणून घाईघाईत यादी लिहिली आणि ह्यांच्या हातात दिली. जन्म कचेरीत गेलेला माणूस. लिहून दिलेला कागद म्हणजे हुकूम. सकाळी गेले ते दुपार कलली तरी पत्ता नाही. घरोघर चहा ढोसत असतील, असं मी धरून चालले. आले ते उन्हाने लालबुंद होऊन. "सगळ्यांना सांगितलं," एवढंच बोलले आणि पंख्याखाली आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी गौर पाळण्यात बसवली. बायका आल्या, डाळ-पन्हं झालं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरणं चालू होतं. तेवढ्यात दारात ताई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कैऱ्यांची पिशवी. मी कुंकवाची कोयरी घेऊन नुसती बघत राहिले.

"बोलावलंस म्हणून आले," ती म्हणाली. "आता आत घेतेस, की इथेही उभीच ठेवतेस?"

मी घाईघाईने कुंकू लावायला गेले आणि ते तिच्या नाकावर सांडलं. तिला धरून आणून खुर्चीत बसवलं, डाळीची ताटली हातात दिली. तिने एक घास खाल्ला.

"कैरी बाजारातली ना?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. बाकीच्या बायका पन्ह्याच्या पेल्यात बघत बसल्या.

ती आपल्या मुलाबरोबर परत गेल्यावर मी ह्यांना गाठलं. आनंद पोटात मावत नव्हता, पण परस्पर डाव खेळल्याचा रागही होता.

"तिला बोलवायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

ह्यांनी निमूटपणे खिशातून यादी काढून पुढे केली. अक्षर माझंच. पहिल्याच ओळीत लिहिलेलं, 'ताई, आप्टा'. इतकी वर्षं यादी तिच्यापासून सुरू करत आले, तशीच त्याही दिवशी केली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. शेजारी ह्यांची पेन्सिलीची खूण, आणि कचेरीतल्यासारखी वेळसुद्धा टाकलेली.

"मला वाटलं, तुला तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहून दिलंस," हे म्हणाले.

चुकून लिहिलं गेलं, असं मी सांगणार होते. पण चुकूनच का, ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

"मग उद्या कुठे?" ह्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. "विमानतळ?"

"आप्टा," मी म्हटलं. "आणि ऊन व्हायच्या आत निघायचं."