खडा पडल्याचे पेढे

नवऱ्याचा मूतखडा पडला म्हणून मी आळीभर पेढे वाटले आहेत. गोष्ट एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासची, आमच्या रहिमतपुरातली.

सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "औषध घ्या, भरपूर पाणी प्या आणि दर वेळी लघवी फडक्यातून गाळा. पडलेला खडा मला आणून दाखवा. पुढच्या खेपेपर्यंत नाही पडला तर ऑपरेशन!" ऑपरेशन म्हणताच आमचे हे पांढरेफटक पडले. पोटात कळा येत होत्या तेव्हासुद्धा इतके घाबरले नव्हते!

घरी येताच मी कारभार हाती घेतला. जुनं मऊ धोतर फाडून दोन फडकी केली. एक न्हाणीत, यांच्यासाठी. दुसरं चुलीपाशी, हुलग्याचा काढा गाळायला. कारण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अडूनच बसल्या होत्या. "औषध घेऊ दे, पर हुलग्याबिगर दगूड फुटत न्हाई! नीट निवडून घे गं."

"आत्याबाई, माझ्या निवडण्यात आजवर कुणाच्या दाताखाली खडा आलाय का?" मी ताठ मानेनं विचारलं. (आला असेलही. बोलायची कुणाची छाती नव्हती.)

एके सकाळी हे न्हाणीतून ओरडले, "आगं ये, घावला!" फडक्यावर मोहरीपेक्षा मोठा, काळपट खडा! यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"सुटलो गं! जरासुदिक दुखलं न्हाई!"

"दुखंल कसं? देखरेख कुनाची हाय!"

काडेपेटीत कापूस घालून खडा ठेवला. आळीतली माणसं येऊन बघून गेली, पेढे खाऊन गेली. गाळणं बंद झालं. औषध तेवढं बाटली संपवायची म्हणून चालू ठेवलं.

मग आम्ही तिघं पॅसेंजरनं सांगलीला गेलो. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, नखानं टोकरलं आणि म्हणाले, "बाई, हा पोटातला नाही. हा शेतातला."

आत्याबाई वाकल्या. "आगं बया! ह्यो तर हुलग्यातला!"

दोन्ही फडकी मी धुऊन एकाच दोरीवर वाळत घालत होते आणि हाताला लागेल ते उचलत होते. काठाच्या दुमडीत अडकलेला खडा धुण्यातही निघाला नव्हता! हे माझ्या लक्षात आलं. दुर्दैवानं यांच्याही आलं.

"म्हंजी मी काढा कंच्या फडक्यातनं गाळल्याला पीत हुतो?"

"धुतल्यालं हुतं की!"

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकत होते. यांना घाम फुटला, कारण ऑपरेशन पुन्हा पुढ्यात. मग पोटाचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला, शेजारी पहिल्या खेपेचा धरला. पोटात खडाच नव्हता! औषधानं आपलं काम केलं होतं. आळी पेढे खात होती तेव्हा कधीतरी खरा खडा, कुणी न गाळता, गुपचूप निघून गेला होता.

"बगा! गेला का न्हाई? देखरेख कुनाची!" मी लगेच म्हणाले.

परतीच्या गाडीत आत्याबाई डब्यातल्या बायांना सांगत होत्या, "आमच्या पोराचा खडा औषधानं गेला, बाई. सुनंच्या हुलग्यातल्या खड्यावर काय औषध हाय का, तेवढं इचारायचं ऱ्हायलं!"