सहा शेंगदाणे आणि गफ्फार सर

गोरेगावहून हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये गफ्फार सर कधी स्वस्थ बसले नाहीत. जीप भरेपर्यंत चढायचे, उतरायचे, टपरीपर्यंत जाऊन परत यायचे. ड्रायव्हर वैतागायचा, "सर, बसा की एकदाचं!" त्यांनी मला हिंगोलीच्या कॉलेजात गणित शिकवलं, पुढे मीही तिथेच शिकवू लागले. निवृत्त झाल्यावरही लायब्ररीच्या निमित्ताने ते माझ्यासोबत यायचे.

त्यांना एका प्रश्नाने पछाडलं होतं. सहा शेंगदाण्यांचे ढीग करा. प्रत्येक ढीग विषम आकड्याचा हवा म्हटलं, तर चार प्रकार होतात. दोन ढीग सारखे नकोत म्हटलं, तरी चारच. दाणे कितीही घ्या, दोन्हीकडे प्रकार तेवढेच. जनरेटिंग फंक्शन नावाची बीजगणिताची युक्ती मांडली की फळ्यावर दोन लांबलचक गुणाकार एकच निघतात आणि सिद्धता संपते. वर्ग वह्या मिटायचा. सर मात्र धुसफुसत राहायचे. "हिशेब बराबर हाये. पन इकडच्या कोनत्या प्रकाराचा तिकडं कोनता जोडीदार, ते कुठं दिसून राहिलं?"

उत्तर जुनंच; मला फोनवर लगेच सापडलं. सांगू लागले, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "सांगू नको पोरी. मलाच सापडू दे."

मग त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नांदेडच्या दवाखान्यात मला राहवेना. हे असंच राहून गेलं तर? स्ट्रेचरवर वाकले, "सर, नुसती खूण सांगते." त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हात गार होता. "काहून घाई करून राहिली? येतो की वापस." ते आत गेले आणि मी व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले. भयंकर राग आला होता त्यांचा.

आले वापस. मी एकदा भेटायला गेले, तर अंथरुणावर ताट घेऊन बसलेले. ताटात एकेका दाण्याचे सहा ढीग. बघता बघता त्यांनी सारखे ढीग दोन-दोन करून जोडले. दोन-दोन दाण्यांचे तीन झाले. त्यातले पुन्हा दोन जोडले. उरले चार आणि दोन.

"सारखे दिसले की जोडत जायचं! अन् वापस यायला, सम ढीग निम्मे-निम्मे फोडत जायचं!" सर रडले, मीही रडले. चहा यायच्या आत म्हणाले, "आता पुढचं. इकडं कोनत्याबी दोन ढिगांत दोनचा तरी फरक. तिकडं एककस्थानी एक, चार, सहा, नऊ असलेलेच ढीग. तरी प्रकार तेवढेच. काहून?"

उन्हाळ्यात सर गेले. तो प्रश्न माझ्याकडे राहिला. लेक फोन पुढे करते, "आई, इथं दिलंय बघ." मी स्क्रीनवर हात ठेवते.

काल जीप भरत होती. मी टपरीपर्यंत जाऊन आले, चढले, पुन्हा उतरले.

"मॅडम," ड्रायव्हर ओरडला, "बसा की एकदाचं!"